बाकड्याला बांधलेली कादंबरी

मिलिंद गेल्याची बातमी आली तेव्हा मी हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. कळमनुरीच्या बाजाराचा दिवस होता, दुकानात बायका ब्लाउजची मापं द्यायला दाटीवाटीनं बसलेल्या, आणि मोबाईलवर आमच्या दहावीच्या ग्रुपात गजाननचा निरोप आला, ‘आपला मिलिंद गेला. नांदेडला. आज सकाळी.’ मी कात्री खाली ठेवली आणि टाईप केलं, ‘दोन मिनिटं उभे राहा, पंक्चर काढून येईलच तो.’ माझ्या मागोमाग कुरुंद्यातल्या, वसमतच्या, पार पुण्यात जाऊन बसलेल्या सगळ्यांनी हसणारी तोंडं टाकली. एकानं तर विचारलं, या वेळी भाषण कोण करणार, शोभाच का? बातमी देणारा गजानन आणि मेलेला मिलिंद, या जोडीवर आमच्या वर्गातल्या कुणी विश्वास ठेवावा तरी कसा! तासाभरानं गजाननचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. “शोभे, आईची आन, या बारीला खरं हाय,” एवढंच म्हणाला... मी दुकानातल्या बायकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं.

ज्यांनी मिलिंदची ‘नापासांची शोकसभा’ वाचली नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जायला पाहिजे. आम्ही तिघं कुरुंद्याच्या शाळेत दहावीला. मिलिंदचे वडील हळद शिजवायच्या कढईवर मजुरीला, माझे वडील मेंढ्यांमागं, आणि गजाननचे वडील कुठं असतात ते गजाननलाही ठाऊक नसायचं. जाधव सर आम्हाला गणिताला होते. एका चाचणीचा अभ्यास वर्गात कुणाचाच झाला नव्हता, आणि त्या दिवशी सर कधी नव्हे ते वेळेवर आले नाहीत. गजानन धापा टाकत हेडसरांकडं गेला आणि जाधव सर वारले असं सांगून आला. कसे, कधी, कुणी सांगितलं, कशाला कशाचा पत्ता नाही. पण पोरगं हुंदके देऊन राहिलंय म्हटल्यावर हेडसरांनी घंटा दिली आणि सगळी शाळा प्रार्थनेच्या हॉलमध्ये उभी केली. मिलिंदनं वहीचं पान फाडून उभ्या उभ्या भाषण लिहिलं आणि माझ्या हातात कोंबलं, कारण मला केव्हाही रडता यायचं. त्यात एक वाक्य होतं, ‘आमचं गणित चुकलं की सर फळ्याकडं तोंड करून हसायचे, आम्हाला लागू नये म्हणून.’ ते वाचताना मला खरंखुरं रडू फुटलं. मग दोन मिनिटं शांतता. दुसऱ्या मिनिटाला जाधव सर दारातून आत आले. सगळे माना खाली घालून उभे आहेत हे पाहून त्यांनीही चप्पल काढली, मान खाली घातली आणि आमच्यात उभे राहिले. शांतता संपल्यावर शेजारच्या मास्तरांना त्यांनी हळूच विचारलं, “कोण गेलं?”

उशीर का झाला म्हणून हेडसरांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, सायकल पंक्चर झाली होती. झाला प्रकार समजल्यावर ते कुणाला रागावले नाहीत, कुणाला बाकावर उभं केलं नाही. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली आणि आम्ही रीतसर नापास झालो. पण सहामाहीच्या आत सरांची जवळा बाजारला बदली झाली, आणि ती आपल्यामुळं झाली हे मिलिंदच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. चारचौघांत तो हा किस्सा रंगवून सांगायचा, लोक पोट धरून हसायचे, आणि सगळे उठून गेले की मला म्हणायचा, शोभे, जित्या माणसाला आपण मारलं गं. मी त्याला झापायची. गणित सुटलं पण हिशेब सुटंना तुझा, असं म्हणायची. शेवटी पन्नाशीला टेकल्यावर त्यानं त्यावर कादंबरीच लिहिली. नापास पोरांची, अर्धवट मिशांची, चोरून वाचलेल्या चिठ्ठ्यांची, आणि पानापानावर कुणीतरी मरतंय आणि वाचणारा हसतोय अशी.

तर कादंबरी छापली, पण वाचणार कोण? मिलिंदची रक्त-लघवी तपासायची लॅब माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच. तो म्हणायचा, लोकं माझ्याकडं बाटली घेऊन येतात, पुस्तक मागायला कोणी येत न्हाई. मग त्यालाच युक्ती सुचली. साखर तपासायची तर एकदा उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि जेवून दोन तासांनी पुन्हा द्यायचं. खेड्यावरून आलेला माणूस हे दोन तास कुठं घालवणार? भाकरी बांधून आणायचा, खायचा आणि लॅबच्या बाकड्यावर जांभया देत बसायचा. मिलिंदनं कादंबरीला भोक पाडून सुतळी ओवली आणि ती बाकड्याच्या पायाला बांधली. पेनही बांधला. शेजारी लॅबचे कोरे फॉर्म ठेवले. नाव, वय, उपाशीपोटी का जेवणानंतर, आणि खाली निष्कर्ष. जो वाचेल त्यानं निष्कर्षात काय वाटलं ते लिहायचं, असा त्याचा नियम. मी म्हटलं, येडा झालास का, लोक पुस्तकाला शिव्या घालतील आणि तुझ्या लॅबलाही. तो म्हणाला, घालू दे, लेखी घालू दे.

आणि काय सांगू, लोक लिहायला लागले! पहिला फॉर्म आला त्या दिवशी मिलिंद हातमोजे तसेच ठेवून माझ्या दुकानात धावत आला. बायका किंचाळून बाजूला झाल्या, याच्या हातात काय लागलंय कोण जाणे. फॉर्म कुरुंद्याच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचा होता. निष्कर्ष: ‘आठवीपर्यंत मी तुमच्या मागच्या बाकावर होतो. सगळं पुस्तक धुंडाळलं, मी कुठंच नाही. हा अन्याय आहे.’ आम्हाला वाटलेलं लोक चिडतील, आमचं नाव काहून घातलं म्हणून भांडायला येतील. इथं उलटंच, माझं काहून न्हाई घातलं म्हणून लोक रुसून बसले! एका आजीबाईला वाचता येत नव्हतं, तिची सून मोठ्यानं वाचायची आणि दोघी सासू-सुना बाकड्यावर अशा हसायच्या की माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचं माप चुकायचं. आजीनं सांगितलेला निष्कर्ष सुनेनं लिहिला, ‘मास्तराला मारायचंच होतं तर नीट मारायचं, असं मधेच उठवून काहून बसवलं?’ माझ्या वडिलांनीही एक फॉर्म भरला. कादंबरीत एक शेळी उत्तरपत्रिका खाते, त्यावर त्यांची तक्रार, ‘शेळी तसला जाड कागद तोंडात धरत नाही. वही खाते. लेखकानं शेळी पाळून बघावी.’ मिलिंद त्या फॉर्मवर इतका खूश, की दुसऱ्या आवृत्तीत वही करतो असं त्यानं वडिलांना वचन देऊन टाकलं.

एक हेडमास्तर तर भलतेच तावातावानं आले. असल्या पुस्तकानं पोरं बिघडतात, म्हणाले, आणि कोणत्या पानावर काय वावगं आहे ते फॉर्मच्या दोन्ही बाजूंनी लिहून गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, साखर तपासायला. त्यानंतर पुन्हा. मिलिंदनं त्यांना सांगितलं, सर, तुम्हाला साखर न्हाई, अजिबात न्हाई. ते म्हणाले, असू दे, एकदा खात्री केलेली बरी, आणि थेट बाकड्यावर जाऊन खूण घातलेलं पान उघडलं. मी भिंतीआडून बघत होते, तोंडात पदर कोंबून! आणि एक मुलगी होती, आईला घेऊन यायची, कुणाशी एक शब्द बोलायची नाही. तिनं लिहिलं, ‘मी दोनदा नापास आहे. नापासांवर हसू आलं, पण माझ्यावर कोणी हसतंय असं वाटलं नाही. तिसऱ्यांदा परीक्षेचा फॉर्म भरते.’ हा कागद मिलिंदनं मला वाचून दाखवला नाही, नुसता हातात दिला आणि दारात पाठमोरा उभा राहिला. असे दिवस होते ते. रोज दुपारी, दुसरं रक्त देऊन लोक पांगले, की भिंतीवर थाप पडायची आणि आवाज यायचा, शोभे, आलं! मी मशीन थांबवायची. नवऱ्याचा फोन असला तरी ठेवून द्यायची.

पण प्रत्येक फॉर्म वाचून झाला की तो एकच विचारायचा, जवळ्याहून काय आलं का? जाधव सरांना त्यानं गजाननच्या हाती प्रत पाठवली होती, आत एक कोरा फॉर्म घालून. सर आता ऐंशीच्या घरात, जवळा बाजारलाच मुलाकडं असतात. गजाननच्या म्हणण्याप्रमाणं सरांनी प्रत हातात घेतली, चष्मा लावून नाव वाचलं, आत नेऊन ठेवली, चहा पाजला. वर्ष झालं, उत्तर नाही. बाकी सगळ्या जिल्ह्याची पावती आली आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याचाच पत्ता नाही, हे मिलिंदला आतून कुरतडत होतं. मी किती वेळा म्हटलं, जवळा बाजार काय लंकेत आहे का, बस धर आणि जा. एकदा तर चांगलीच भांडले. तेव्हा तो म्हणाला, “न्हाई जमत शोभे. आपणच मारलेल्या माणसाच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?”

त्याची आणखी एक सवय सांगायला हवी. लॅबमध्ये एक पत्र्याचा ट्रे होता, लोकांनी न नेलेल्या रिपोर्टांचा. कुणी विसरून जातं, कुणी भीतीनं फिरकत नाही, कुणी गावच सोडून जातं. कागद पिवळे पडले तरी मिलिंद त्यातला एकही फेकायचा नाही. सुनंदावहिनी, त्याची बायको, साफसफाई काढली की कटकट करायच्या, आणि हा ट्रे उचलून छातीशी धरायचा. ज्याचा हाय त्याचा हाय, येईल घ्यायला, म्हणायचा. सगळ्या कळमनुरीची साखर मोजणाऱ्या या माणसानं स्वतःचं बोट मात्र कधी टोचून घेतलं नाही. नांदेडला साडूच्या घरी चहा पिता पिता छाती धरली आणि संपलं. राग येतो मला त्याचा, अजून येतो.

घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली. त्यानंतर आम्ही दहावीवाल्यांनी ठरवलं की लॅबसमोर आपण आपली दोन मिनिटं उभं राहायचं. वहिनींनी लॅब उघडून दिली. माझं तोंड तर ग्रुपात टाकलेल्या माझ्या त्या पंक्चरच्या निरोपापासून उघडतच नव्हतं, त्यामुळं भाषण वगैरे काही नाही. सगळे माना खाली घालून उभे, आणि खरं सांगते, आमच्यातला एकूण एक जण डोळ्याच्या कोपऱ्यातून रस्त्याकडं बघत होता. पन्नाशीची बाई मी, पण मनात म्हणत होते, ये रे बाबा, मेल्या, ये आता सायकलवर... दुसऱ्या मिनिटाला एक मोटारसायकल येऊन थांबली. मागच्या सीटवरून मुलाच्या खांद्याचा आधार घेत जाधव सर उतरले. चप्पल काढली. मान खाली घातली आणि आमच्यात उभे राहिले. दोन मिनिटं केव्हाच संपली होती, पण शांतता मोडायची कुणाची छाती होईना. गजाननच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, हसल्याचा का रडल्याचा ते त्यालाच ठाऊक, आणि मग आम्ही सगळेच फुटलो.

सर बाकड्यावर बसले. सुतळीला बांधलेली कादंबरी त्यांनी मांडीवर घेतली, नखानं तिच्या कडा सारख्या केल्या आणि मला म्हणाले, “फॉर्म दे.” मी दिला. सावकाश लिहीत होते, मधे पेनची दोरी पुरेना तर मी खाली बसून धरली. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं दिला. वय लिहिलेलं. उपाशीपोटी आणि जेवणानंतर, दोन्हींवर खूण. खाली निष्कर्ष:

‘दोनदा वाचली. दोन्ही वेळा उत्तम. दुरुस्ती दोन. बदली मी आधीच मागितली होती, आई आजारी होती. आणि त्या दिवशी सायकल पंक्चर नव्हती. मला उशीर झाला होता, पण भाषण सुरू असताना मी हॉलच्या खिडकीबाहेर पोचलो होतो. भाषण पूर्ण ऐकलं, मगच आत आलो. इतकं चांगलं माझ्याविषयी नंतर कोणी बोललं नाही. लिहिणारा कोण ते तेव्हाच ओळखलं होतं. तो कधीतरी स्वतः येईल, तेव्हा सांगू म्हणून थांबलो.’

मी वाचलं, गजाननला दिलं, गजानननं वहिनींना दिलं. सर उठून भिंतीवरच्या दरपत्रकाकडं तोंड करून उभे होते. खांदे हलत होते त्यांचे. आम्ही त्यांना तसंच उभं राहू दिलं.

लॅब आता मिलिंदचा पुतण्या चालवतो. कादंबरी बाकड्यालाच आहे, सुतळी मी नवी घातली. परवा त्या मुलीचा तिसऱ्या खेपेचा निकाल लागला, पास झाली, आणि पेढा द्यायला चुकून माझ्याच दुकानात शिरली. सरांचा फॉर्म फ्रेम करून लावा असं सगळे म्हणत होते, वहिनी म्हणाल्या, नको. मग मीच त्याची घडी घातली, वर मिलिंदचं नाव लिहिलं आणि न नेलेल्या रिपोर्टांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला. पुतण्यानं विचारलं, आत्या, हा इथं काहून? मी म्हटलं, ज्याचा हाय त्याचा हाय. येईल घ्यायला.