शेऱ्याच्या रकान्यातली गोळी

दवाखान्याच्या औषधखिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे ‘चौकशीबाई’ म्हणत. नुसतं पाकीट हातात ठेवून त्यांचं भागत नसे. कधीपासून दुखतंय, जेवणाआधी घेता की नंतर, आधीची गोळी का सोडली? मागची रांग वैतागे. नवरा म्हणे, "हिच्यासमोर शिंकायचीही सोय नाही. का शिंकलात, विचारेल."

दोन वर्षांपूर्वी चिठ्ठ्या संगणकावर निघू लागल्या. डॉक्टरांचं अक्षर लावायची कसरत संपली, म्हणून बाई खूश. शिवाय दोन औषधांचं एकमेकांशी जमत नसेल, तर डॉक्टरांच्या पडद्यावर लाल चौकट उघडून इशारा येई.

एका सकाळी खिडकीशी एक म्हातारे सुतारकाका आले. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरीणबाईंनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, तर मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग.

"काका, कुठं आपटलात?"

"छे हो. हल्ली असंच उमटतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, मोठ्या हॉस्पिटलातली."

बाईंनी पाकीट मागे घेतलं. या दोन गोळ्या एकत्र गेल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा. काकांना बाकावर बसवून त्या तडक आत गेल्या.

"डॉक्टर, तुम्हाला इशारा आला नाही?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? आला असता तरी मी वाचला असता की नाही, देव जाणे. दिवसाला शंभर लाल चौकटी उघडतात. मी डोळे झाकून ‘पुढे’ दाबते."

त्यांनी गोळी बदलली, काकांचं रक्त तपासायला पाठवलं आणि मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. रक्त आधीच नको तितकं पातळ झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मात्रा कमी केली. पंधरा दिवसांत काकांचे डाग पुसट झाले.

बाईंना मात्र चैन पडेना. साध्या जीवनसत्त्वाच्या गोळीवरून बोंब मारणारं यंत्र नेमकं त्या दिवशी गप्प का बसलं? दुपारी पेशंट संपल्यावर दोघींनी काकांची नोंद उघडली. गोळी होती तिथं! पण नोंदणीच्या कारकुनानं ती ‘शेरा’ रकान्यात टंकली होती, आणि संगणक तो रकाना वाचतच नव्हता. बाईंनी तीच गोळी औषधांच्या यादीत घालून पाहिली. लगेच लाल चौकट उघडली.

"अगं बाई! म्हणजे याला कळतं सगळं. आपणच सांगितलं नाही."

मग आठवडाभर बाई रोज तासभर डॉक्टरीणबाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या आणि प्रत्येक इशारा वहीत उतरवला. दोनशे चौदांपैकी कामाचे निघाले नऊ. ती वही घेऊन दोघी मुख्य डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग पानं उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. महिन्याभरात निरुपयोगी इशारे बंद झाले, चालू औषधं शेऱ्यात न टंकता यादीतच घालायची असं ठरलं. आणि वजनकाट्यापाशी नवी पाटी लागली: घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा.

पहिल्याच आठवड्यात एका आजींच्या पिशवीतून एकच रक्तदाबाची गोळी तीन वेगवेगळ्या नावांनी निघाली. तिन्ही त्या रोज न चुकता घेत होत्या.

"तीन डॉक्टरांनी दिल्या," आजी म्हणाल्या, "मला वाटलं, मला तीन रोग आहेत."

डॉक्टरीणबाईंनी दोन बंद केल्या. वर्षभर पिच्छा पुरवणारी आजींची चक्कर आठवड्यात थांबली.