बारा तारखेच्या आत जन्मलेली

आमच्या घरात फक्त भावाची पत्रिका होती. मुलींच्या पत्रिका काढायच्या असतात हे कोणाला सुचलंच नव्हतं. ताईचा जन्म सात एप्रिलचा, बुधवारचा. आई कळा देत होती आणि वडील गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात झेंडू विकत बसले होते, हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यापलीकडे पत्रिकेची गरज वाटली नाही.

गरज पडली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, ताईला स्थळं येऊ लागली तेव्हा. कॉम्प्युटर पत्रिकांची दुकानं तेव्हा नवीन निघाली होती. वडील पंचवटीतल्या एका दुकानातून पत्रिका घेऊन आले. वर गणपती, कडेने वेलबुट्टी आणि आत बारीक अक्षरांत तिथी, वार, नक्षत्र असं बरंच काही. ते बारीक कोणीच वाचलं नाही. सगळ्यांनी थेट शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, मंगळ आहे, कडक आहे.

आई म्हणाली, एखाद्या गुरुजींना दाखवू. वडिलांनी ऐकलं नाही. "माणूस चुकंल," ते म्हणाले. "मशीनचं काय आपल्याशी वैर हाय?"

त्याच महिन्यात अंबडच्या कंपनीत नोकरी करणारा एक मुलगा ताईला बघून गेला. पोहे खाऊन झाल्यावर त्याने झेंडूचा प्लॉट बघायला मागितला आणि कुठलं फूल जास्त टिकतं ते वडिलांना न विचारता ताईला विचारलं. ताई बोलत राहिली. ते दोघं बांधावर इतका वेळ उभे होते की इकडे चहा दोनदा गरम करावा लागला. पुढचे आठ दिवस मी तिला झेंडूवरून चिडवत होते आणि ती रागावतसुद्धा नव्हती.

मग त्यांच्याकडे पत्रिका गेली. त्याच्या आईचा निरोप आला, मुलगी आवडली होती, पण मुलगा एकुलता एक आहे, आमची हिंमत होत नाही. आम्ही भांडलो नाही, समजूत घातली नाही. त्या कागदावर आमचाही तेवढाच विश्वास होता, आणि याचंच मला आजही सगळ्यात वाईट वाटतं.

आईने मंगळवार धरले. स्थळं येत राहिली, तशीच परत जात राहिली. मंगळाचा मुलगा मिळावा तर त्याचं दुसरंच काही आडवं यायचं. ताई बालवाडीत शिकवू लागली. माझं लग्न तिच्या आधी झालं. त्या दिवशी मांडवात तिला कोणी काही विचारू नये म्हणून ती दिवसभर वाढपातच राहिली.

दोन हजार सालानंतर मी कॉलेज रोडच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये कामाला लागले. मालकाने जोडधंदा म्हणून पत्रिकेचं सॉफ्टवेअर ठेवलं होतं. मुलगी झाल्यावर मी हौसेने तिची पत्रिका काढली. पाच ऑक्टोबर, ऐन दसऱ्याचा जन्म. कागदावर आला वैशाख महिना. मी हसले. मग तारीख तपासली, ती बरोबर होती. मशीनचं सेटिंग उघडलं, तेही बरोबर होतं, आधी दिवस, मग महिना, आपल्याकडे असतं तसं. पण सॉफ्टवेअर त्या सेटिंगकडे ढुंकून बघत नव्हतं. पाच-दहा टाकलं की ते आपलं मे महिन्याची दहा तारीख धरायचं, आणि छापताना मात्र जसं टाकलं तसंच छापायचं. पंचवीस तारीख दिली तर पंचविसावा महिना नसतो एवढं त्याला कळायचं, मग ते गुपचूप उलटून घ्यायचं. बारा तारखेनंतर जन्मलेल्यांचं काही बिघडत नव्हतं.

कागदावर तोच गणपती होता, तीच वेलबुट्टी. माझं हसू तिथेच संपलं. मी ताईची तारीख घातली. चार जुलै धरून तीच जुनी पत्रिका बाहेर आली, आणि या वेळी मी बारीक अक्षरंही वाचली: आषाढ, रविवार, आणि शेवटच्या पानावर तोच मंगळ. मग महिना आधी, दिवस नंतर असं घातलं. चैत्र आला, बुधवार आला. मंगळ कुठेच नव्हता. सेंटरमध्ये गिऱ्हाईक बसलेलं असताना मी रडले.

ताईला सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी सांगितलं, कारण तिच्यात दोष नव्हता हे तिला माहीत नसणं मला सहन होईना. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले, बारीक अक्षरांतलंसुद्धा. बुधवारवर तिचं बोट थांबलं. त्या मुलाचं नाव निघेल, निदान ती त्या दुकानाला शिव्या तरी देईल, असं मला वाटलं होतं. तिने कागदांची घडी घालून माझ्याकडे परत दिली.

"आईला सांगू नको," ती म्हणाली. "तिने इतके मंगळवार केलेत."

पुढच्या मंगळवारी मी माहेरी गेले तेव्हा ताई स्वयंपाकघरात आईच्या उपासाची भगर ढवळत होती. आई देवापुढून उठली, गुडघे चोळत बाहेर आली आणि दर मंगळवारी म्हणायची तेच म्हणाली, "यंदा सुटंल बघ तुझा मंगळ."

"सुटेल," ताई म्हणाली, आणि तिने आईचं ताट वाढायला घेतलं.