तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बुलढाण्याचा माणूस

मला फसवलं ते बुलढाण्याच्या कॉम्प्युटरवाल्यानं. मीच त्याला फसवलं असं तो आजही चार लोकांत सांगतो. ते खोटं आहे. मी फक्त भाव पाडला होता, आणि भाव पाडणं म्हणजे फसवणं असेल तर मेहकरच्या बाजारात वांगी घेणारी प्रत्येक बाई तुरुंगात पाहिजे.

मी तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसलो तेव्हा माझ्या टेबलाला तीन पाय होते. चौथ्या जागी विटा. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेचिठ्ठ्या, एकदा तर एका मास्तरचं प्रेमपत्रही टाइप करून दिलं, तीन प्रतींत. लिंबाखालून गाळ्यात यायला मला चौदा वर्षं लागली. मला कोणी हात दिला नाही, म्हणून कोणाचे पाय धरायची वेळही आली नाही. गाळ्यात आधी एक कॉम्प्युटर घेतला आणि एक लेझर प्रिंटर, दगडी पाट्यासारखा जड. दोघं वर्षानुवर्षं गुमान चालले. मग दुसरबीडच्या एका पतसंस्थेचं काम मिळालं. वार्षिक अहवाल, सभासदांच्या याद्या, सभेच्या नोटिसा, दर वर्षी नेमानं येणारं काम. तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या टायपिस्टला असं एक काम म्हणजे बागायती जमीन. ते सांभाळायला एक कॉम्प्युटर पुरेना, म्हणून आणखी दोन घ्यायला मी बुलढाण्याला गेलो.

तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. गोड जीभ, खिशात चार पेनं.

"मशीन तीन, प्रिंटर एक," मी म्हणालो. "कुठूनबी हुकूम सोडला की कागद निघाला पायजे."

"निघन ना भाऊ. मधात एक डबी बसवतो, तिघाइच्या वायरी तिच्यात. आपसात बोलतीन ते."

भाव करताना मी खुर्चीत कधी पूर्ण टेकत नाही. अर्धा उठून बोलतो. समोरच्याला सतत वाटत राहतं की गिऱ्हाईक चाललं. त्या दिवशी मी पाचदा अर्धा उठलो आणि दोनदा दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा त्यानं मला हात धरून परत आणलं. तिसऱ्या मशीनपाशी गाडी अडली. तो म्हणाला, मशीन चालवणारी प्रणाली वेगळी विकत घ्यावी लागते.

"फुकटात काही भेटत नाई का?"

"भेटते. पण मग जुन्या मशीनात जुनी प्रणाली, दुसऱ्यात नवी, तिसऱ्यात ही फुकटची. तीन तऱ्हा होतीन भाऊ. कटकट होईन."

"कटकट तुमची, मशीन माझं. आणि बिघडलं तर येणं-जाणं तुमच्याच खिशातून."

त्यानं डोळे मिटले आणि "हाव" म्हणाला. हा "हाव" मी आजही धरून बसलो आहे.

त्यानं येऊन सगळं बसवलं. प्रिंटर जुन्या मशीनलाच जोडलेला ठेवला, कारण त्याचं जाड तोंड नव्या मशीनच्या बारक्या भोकांत जातच नव्हतं. बाकीच्या दोघांनी डबीतून जुन्याकडे कागद पाठवायचा आणि जुन्यानं तो छापायचा. तीन जावा आणि एक चूल. त्यानं माझ्यादेखत तिन्हीवरून एकेक पान काढून दाखवलं. बायकोनं शेंगोळे केले होते. तो दोन ताटल्या चापून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर मुका. जुन्यावरून कागद निघायचा. नव्यावरून हुकूम सोडला की मशीन म्हणायचं "पाठवला", आणि प्रिंटर हूं की चूं करायचा नाही. फुकटचं मशीन निदान प्रामाणिक होतं. ते सरळ सांगायचं की प्रिंटर सापडत नाही. मी वायरी काढून परत लावल्या. तोंडांवर फुंकर मारली. उंदरानं कुरतडलं असेल म्हणून टेबलाखाली आडवा होऊन वीस हात वायर बोटांनी तपासली. प्रिंटरमधलं शाईच्या भुकटीचं काडतूस काढून हलवलं आणि पांढऱ्या सदऱ्याची होळी झाली. शेवटी डबीला एक चापट ठेवून दिली. लिंबाखालच्या दिवसांत रेडिओ तेवढ्यानं सुधारायचा.

फोन केला. तो म्हणाला, "पूजा झाली का भाऊ?"

"झाली. काऊन?"

"काही नाई. येतो मी."

तो आला, डबीसकट तिन्ही मशीन बंद केली, परत चालू केली आणि तिन्हीवरून कागद निघाला. त्यानं काही उघडलं नाही, पेचकसही काढला नाही. चहा घेऊन गेला. तो स्टँडवरून बसमध्ये चढला असेल-नसेल, तोच आमच्याकडची लाइट गेली. दोन तासांनी आली आणि प्रिंटर पुन्हा मुका.

भारनियमनाचे दिवस होते ते. लाइट दिवसातून दोनदा ठरवून जायची आणि चारदा न ठरवता. ती आली की मी सगळं आपल्या रीतीनं चालू करायचो. ही रीत आता सांगतो, कारण सगळी गोम तिच्यातच निघाली.

मी देवभोळा नाही. देवाशी माझा व्यवहार रोख आहे. उदबत्ती घे, गिऱ्हाईक पाठव. पण सकाळची उदबत्ती मी चुकवत नाही. आधी फळीवरच्या टाइपरायटरला, मग मशीनना. मशीनांत पहिला मान नव्या प्रणालीवाल्याला, कारण जास्त पैसे त्याच्यात अडकलेले. मग फुकटच्याला, शेवटी जुन्याला. जुनं घरचंच झालेलं, त्याला काय ओवाळायचं? उदबत्ती दाखवली की तिथल्या तिथं बटण दाबायचो. लाइट जाऊन आली तरी तोच क्रम, उदबत्तीऐवजी नुसते हात जोडून. बसवायच्या दिवशी शेंगोळे खाता खाता ही रीत मी त्याला कौतुकानं ऐकवली होती.

तर असा तो महिन्यातून तीन-चारदा येऊ लागला. फुकट येतो म्हणून मी खूश. आला की बसायचा. दुकानात जो गिऱ्हाईक असेल त्याच्याशी बोलायचा, "काय जी, अहवाल का? किती पानं? वर्षातून कितीदा?" मी मनात म्हणायचो, काय लाघवी माणूस आहे. पतसंस्थेच्या सचिवांना तर तो माझ्याच दुकानात, माझाच चहा पाजून भेटला. आणि फोनवर प्रत्येक वेळी तेच, "पूजा झाली का भाऊ?" मी त्याला भाविक समजत होतो.

मग अहवालाचा दिवस आला. पतसंस्थेची सभा जवळ आली होती, सभासदांना अहवाल आधी पोचायला हवा. बत्तीस पानं नव्या मशीनवर आणि सभासदांची यादी फुकटच्यावर तयार. छापून झेरॉक्सवाल्याकडे दिलं की झालं. सचिव स्वतः दुसरबीडहून आले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. सकाळी दहाला मी हुकूम सोडला. मशीन म्हणालं "पाठवला". प्रिंटर मुका.

मी सगळं बंद केलं, हात जोडले, सगळं चालू केलं. मुका. पुन्हा बंद, पुन्हा हात, पुन्हा चालू. मुका.

"यंत्राले नमस्कार करून ऱ्हायले, का माफी मागून ऱ्हायले?" सचिवांनी विचारलं.

तीच फाइल जुन्या मशीनवर नेऊन उघडली, तर नव्या प्रणालीतलं लिखाण जुनीला वाचता येईना. अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी दोन पानं चौकोनच चौकोन.

"मनोगत हायेच तसं," सचिव म्हणाले, "पण सभासदाइले कळलं नाई पायजे."

फोन केला. "पूजा झाली का भाऊ?"

"झाली, झाली! लवकर ये बाबा, सचिवसाहेब बसले आहेत."

"आज नाई जमत भाऊ. मोताळ्याले लग्नात हावो. असं करा, सीडीवर टाकून सचिवसाहेबाइजवळ द्या. संध्याकाळी माह्या दुकानात काढून ठेवतो. तुमची अडचन ती माही अडचन."

मी सीडी दिली. माझ्या हातानं दिली. दुपारच्या गाडीनं सचिव बुलढाण्याला गेले आणि संध्याकाळी बत्तीस पानं आणि यादी घेऊन परतले. पानं कोरीव निघाली होती. पुढच्या वर्षी सचिव आलेच नाहीत. अहवाल बुलढाण्यात त्याच्याच दुकानात टाइप झाला, छापलाही तिथंच. रस्त्यात भेटले तेव्हा ते नजर चुकवत म्हणाले, "तुमचं काम चांगलं हो, पण भरोसा नाई ना. त्यायच्याकडे गेलं की निघते." बागायती जमीन गेली.

त्यानंतर पंधरवड्यात मला ताप आला आणि दोन दिवस बायकोनं दुकान उघडलं. दुपारी मी कण्हतच विचारलं, "प्रिंटर मुकाच असन?"

"नाई तं. सकाळपासून छापतेच आहे. तिन्हीवरून."

"तू काय केलं?"

"काय करायचं? उदबत्ती लावली, बटणं दाबली."

मी अंगावरची चादर फेकली. "कोणतं आधी?"

"अहो, असं काय विचारता? जुनं आधी. थोरलं आहे ना ते. थोरल्याले सोडून धाकट्याले आधी ओवाळते का कोणी? तुमच्या घरात होत असन, माह्या माहेरी नाई."

अंगात ताप घेऊन मी दुकानात गेलो. माझ्या क्रमानं चालू केलं. मुका. तिच्या क्रमानं चालू केलं. छापतो. पुढचे तीन दिवस मी तेच करून पाहिलं, एकदा असं, एकदा तसं. गिऱ्हाइकांना वाटलं तापानं डोकं फिरलं.

एकदा गोम हाताला लागल्यावर बाकीचं मी स्वतः शोधलं. एकेक खिडकी उघडत, जे समजलं नाही ते वहीत लिहून, कॉलेजातल्या एका ओळखीच्या मास्तरला विचारत. गोष्ट एवढीच होती. ती डबी मशीनना नंबर वाटते, दवाखान्यातल्या टोकनसारखे. जो आधी उठला त्याला पहिलं टोकन. लाइट गेली किंवा बटण बंद केलं की डबी सगळं विसरते आणि वाटप नव्यानं सुरू. त्यानं बसवताना जुनं मशीन आधी चालू केलं होतं आणि बाकीच्यांना सांगून ठेवलं होतं की प्रिंटर पहिल्या टोकनवाल्याकडे आहे. मी नव्याला पहिला मान दिला की पहिलं टोकन नव्याकडे जायचं. मग नवं मशीन स्वतःलाच कागद पाठवायचं आणि "पाठवला" म्हणून समाधानी व्हायचं. फुकटचं नव्याचं दार ठोठवायचं. जुनं बिचारं प्रिंटर कडेवर घेऊन शेवटचं टोकन धरून बसलेलं.

आणि यावर इलाज? जुन्या मशीनला कायमचा एक नंबर लिहून द्यायचा, टोकनच्या रांगेबाहेरचा, आणि बाकीच्या दोघांना तो नंबर सांगायचा. मला सवय नसताना अर्धा तास लागला. त्यानंतर तो प्रिंटर मोडीत जाईपर्यंत कधी मुका झाला नाही.

मी फोन उचलला.

"पूजा झाली का भाऊ?"

"टोकन," मी म्हणालो.

पलीकडून हसला तो. "सापडलं का?"

"तुले माहीत होतं?"

"भाऊ, तुमी मले अर्धं-अर्धं उठून कापलं. वरतून येनं-जानं फुकट. आता अक्कलबी फुकटच पायजे का?"

"अक्कल नाई मागतली बे, काम मागतलं! पुरं काम!"

"पुरंच होतं की. मी चालू करून द्यायचो तवा चालत नव्हतं का?"

यावर मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही. बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

आता लोक म्हणतात, सोड, जुनी गोष्ट झाली. टाइपरायटर गेला, डबी गेली, आज खिशातल्या फोनवरूनही कागद निघतो. कोणी असंही म्हणतो की तूच त्याला पिळलं, त्यानं उट्टं काढलं, हिशेब मिटला. काही मिटलं नाही. बुलढाणेवाले, तुम्हालाच सांगतो, भाव पडला तो तुमच्या संमतीनं पडला. मी अर्धा उठलो होतो, तुम्ही "जा" म्हणायचं होतं. मी दारापर्यंत गेलो होतो, तुम्ही हात धरून परत आणायचं नव्हतं. त्या भावात अर्धंच काम बसत होतं तर तसं तोंडावर सांगायचं. मी शिव्या दिल्या असत्या, पण पैसे वाढवून दिले असते.

इतर दिवसांचं मी सोडतो. त्या फेऱ्या, तो चहा, दोन ताटल्या शेंगोळे, सगळं सोडतो. मी एकाच दिवसाचं विचारतो आहे. सचिव पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, मी फोनवर गयावया करत होतो, जन्मात पहिल्यांदा, आणि तुम्ही विचारलंत पूजा झाली का. म्हणजे दुखणं कुठं आहे ते त्या क्षणी तुम्हाला ठाऊक होतं. "जुनं आधी चालू करा." चार शब्द. लग्नाच्या मांडवातून बोलायला पंगतही सोडावी लागली नसती.

तेव्हा मेहकरला या. येण्या-जाण्याचं भाडं या खेपेला माझ्याकडून, घासाघीस न करता. खुर्चीत मीही पूर्ण टेकून बसेन. माझ्या समोर बसा आणि ते चार शब्द त्या दिवशी काऊन बोलले नाहीत, याचं उत्तर द्या.