नक्की न म्हणणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका शंकेखोर माणूस त्रिभुवनात नाही. हे वाचलं तर ते म्हणतील, "नाय कशावरून मास्तर? त्रिभुवन बघून आलात काय?" गेली तीस वर्षं मी हेच ऐकतोय. थकलो बुवा. पण उद्या त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे आणि माझं कशातच लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

साडू मुरबाडच्या स्टँडवर गाड्यांचे कंट्रोलर होते. गाडी कधी येणार हे छातीठोकपणे सांगायच्या खुर्चीवर नेमका हा माणूस बसवायचं कुणाला सुचलं देव जाणे. माइकवरून ते सांगायचे, "टोकावडे गाडी साडेपाचची आहे. येईल असं वाटतं. घाटात काय चाललंय ते इथून दिसत नाय." लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की साडू 'वाटतं' म्हणाले की सामान उचलायचं आणि 'बघू' म्हणाले की चहा घ्यायला जायचं. मग एक नवीन साहेब आले. जरा ठामपणे बोलत चला, म्हणून त्यांनी साडूंना सगळ्यांदेखत झापलं. त्या संध्याकाळी साडूंनी निमूटपणे माइक हातात घेतला आणि टोकावडे गाडी साडेपाचला नक्की येणार असल्याचं जाहीर केलं. फलाटावर माना वर झाल्या. भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "कंट्रोलर नक्की बोलतोय गो. घाटात कायतरी झालंय." पाच मिनिटांत सगळा फलाट जीपमध्ये कोंबून निघून गेला. गाडी साडेपाचच्या ठोक्याला आली आणि बाकावर झोपून राहिलेल्या एकुलत्या एका प्रवाशाला घेऊन टोकावड्याला गेली. त्यानंतर तो शब्द साडूंच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

रिटायर होऊन शेणव्याला घरी बसल्यावर तर त्यांच्या शंकांना ऊतच आला. समाज म्हणजे काय, असं मी एकदा चुकून विचारलं. झालं! मला धरून स्टँडवर नेलं आणि जिथे एकही गाडी लागत नाही अशा कोपऱ्यात आम्ही दोघं शेंगा खात उभे राहिलो. दहा मिनिटांत आमच्यामागे सात माणसं रांगेत उभी. शेवटचा पहिल्याला विचारत होता, गाडी कुठली. साडू मला म्हणाले, "हा बघा तुमचा समाज." मुलीच्या लग्नात व्याह्यांनी आनंद झाला ना म्हणून विचारलं, तर हळद उतरल्यावर सांगतो म्हणाले. आमची मेहुणी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. गावात बिबट्या आल्याची आवई उठली तेव्हा सगळ्यांनी दारं लावून घेतली आणि हे अंगणात खुर्ची टाकून बसले. बिबट्या कुणी पाहिलेला नाही, आली आहे ती नुसती भीती, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात करवंदीच्या जाळीत खसफस झाली. साडू खुर्चीसकट घरात. नसेल याचीही खात्री कुठे होती, असं वर मलाच ऐकवलं.

असा हा माणूस काल ठाण्याच्या हॉस्पिटलात पांढऱ्या चादरीवर बसला होता. मी गेलो तेव्हा डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. सगळं नक्की व्यवस्थित होईल, असं सांगून गेले होते. सिस्टर तेच म्हणाली होती, मुलगीही तेच घोकत होती. ती औषधं आणायला खाली गेली तसा साडूंनी माझा हात धरला. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"मास्तर, सकाळपासून सगळी नक्की नक्की बोलतात. मला आता भ्या वाटाया लागलंय."

माझ्या डोळ्यांपुढे तो रिकामा फलाट आला. मी आयुष्यभर पोरांना दोन अधिक दोन चार शिकवलं, धीर द्यायला मलाही तोच एक शब्द ठाऊक होता. तो मी कसाबसा गिळला.

"बरे व्हाल असं वाटतं साडू," मी म्हणालो. "आत काय चाललंय ते आपल्याला इथून कुठं दिसतंय?"

त्यांनी माझा हात सोडला आणि सकाळपासून तसंच पडलेलं केळं सोलून खाल्लं. मी निघालो तेव्हा म्हणाले, "आता कसं, माणसासारखं बोललात."

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. दाजी बरे होतील ना हो, तिनं विचारलं. एसटीतून उभ्यानं येऊन अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि या बाबतीत तरी मला शंका घ्यायचीच नव्हती.

"नक्की," मी म्हणालो.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन साडूंसारखाच माझा हात धरून बसली.