न दिसलेल्यांची यादी

शाळेची सहल जंगलातून परत निघाली, की गद्रेबाई बसमध्ये प्रत्येक मुलाला वहीच्या पानाला मधोमध घडी घालायला लावत. उजवीकडे दिसलेलं लिहायचं, डावीकडे न दिसलेलं. डावी बाजू आधी भरायची. "पहले वह लिखो जो नहीं दिखा," असं त्या मुलांना बजावत आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणत, "न दिसलेलं आधी लिहिलं ना सर, की दिसलेलं फुगत नाही."

झाँसीतल्या आमच्या शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. त्या जीवशास्त्र शिकवत, मी हिंदी. बाईंचे वडील रेल्वेत होते. बाईंचं मराठी घरात जपलेलं, जुन्या वळणाचं; पण राग आला की त्या सरळ बुंदेलीत शिरत.

शाळेचे अहवाल लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे अहवाल कार्यक्रमाच्या आधीच छापून तयार ठेवत, म्हणजे पाहुण्यांच्या हातात गरमागरम पडतो. न झालेल्या भाषणांनी भारावलेले श्रोते मी कित्येक वर्षं रंगवत होतो. एकाही श्रोत्याने कधी तक्रार केली नाही.

एका वर्षी सहलीवरच गदा आली. शाळेचे प्रबंधकजी म्हणाले, "बच्चे बस में बैठकर पेड़ देखने जाते हैं? पेड़ तो छावनी में भी हैं." शनिवारच्या सहलीचा अहवाल सोमवारी प्रार्थनेच्या वेळी वाचायचा आणि सहल पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवायचं, असं त्यांनी जाहीर केलं. बाई त्या दिवशी डबा न उघडता बसून राहिल्या. मला ते बघवेना. मी शुक्रवारीच अहवालात वाघ घातला. "डौलदार पावलं टाकत" आला तो, आणि छापूनही झाला.

शनिवारी शिवपुरीकडच्या जंगलात आम्ही पाच तास हिंडलो. चितळ दिसले, मोर दिसले, एका सांबराचा मागचा भाग दिसला. वाघाने मात्र माझा अहवाल वाचलेला नव्हता. वनरक्षकाच्या चौकीपाशी वाघाची विष्ठा तेवढी पडली होती. वनरक्षकाने काडीने उकरून तिच्यातले नीलगायीचे केस दाखवले, तशी चाळीस मुलं भोवती ओणवी झाली. पंगतीत सगळे पोटभर जेवताहेत हे पाहणाऱ्या यजमानीणबाईंसारख्या बाई मागे उभ्या होत्या.

परतताना मी त्यांना छापील वाघाबद्दल सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"अहो, चाळीस वह्यांत डावीकडे पहिला वाघच आहे."

"सहल वाचेल, बाई."

"आणि पुढच्या वर्षी काय घालाल? सिंह?"

सोमवारी प्रबंधकजींनी अहवाल स्वतः वाचला. वाघापाशी थांबून त्यांनी पहिल्या रांगेतल्या सातवीच्या रश्मीला विचारलं, "कितना बड़ा था?"

रश्मीने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "जो है सो बोल, बिटिया."

रश्मीने वही उघडली. "बाघ नहीं दिखा, सर. उसकी टट्टी दिखी."

कवायतीचे सर झेंड्याच्या काठीकडे बघू लागले, मी स्वतःच्या बुटांकडे. बाई तेवढ्या समोर बघत होत्या. हातातला रुमाल मात्र त्यांनी पिळून दोरीसारखा केला होता.

"उसमें नीलगाय के बाल थे," रश्मीने पुढे वाचलं.

प्रबंधकजींची शेती टहरौलीला. त्यांनी अहवाल खाली केला. "नीलगाय? बाघ नीलगाय खाता है?"

"हओ, सर."

"हमाई तो पूरी मटर चर गईं."

पुढची दहा मिनिटं ते प्रश्न विचारत होते आणि रश्मी उजव्या बाजूचं वाचून उत्तरं देत होती. एका वाघाला आठवड्याला किती नीलगायी लागतात, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते बाईंनी दिलं. शेवटी प्रबंधकजी म्हणाले, "अगले साल हम भी चलेंगे." जाताजाता माझ्यापाशी थांबले. "मास्साब, आपका बाघ बहुत सुंदर था."

पुढच्या वर्षी ते खरंच आले. बाईंनी त्यांनाही पानाला घडी घालायला लावली.

काही वर्षांपूर्वी बाई निवृत्त होऊन नाशिकला लेकीकडे गेल्या. आता सहल मी नेतो आणि अहवाल परत आल्यावर लिहितो. पाहुणे थांबतात, थांबता येतं त्यांना. घरी पोचलो की बाईंचा फोन येतो. "काय नाही दिसलं?"

मी घडी घातलेलं पान उघडतो आणि डावीकडचं वाचतो, "वाघ, अस्वल, तरस." वाघाच्या वर एका माणसाचं नाव असतं, तेवढं त्यांना वाचून दाखवत नाही.