मिनलवहिनींचं लाटणं

कॅसेट कंपनीतले मोठे साहेब ज्ञानदेव सावंत वारले. तेराव्यानंतर बेव्हर्ली पार्कच्या त्यांच्या घरी तारोडीची चंपाबाई भेटायला आली आणि दारातच रडू लागली. साहेबांच्या पत्नी मिनलवहिनींचे डोळे मात्र कोरडे झाले. हिचं मेलीचं रडणंसुद्धा सुरात!

लग्नात गाणाऱ्या या बाईला साहेबांनीच शोधून काढलं होतं. संध्याकाळी वहिनी पोळ्या लाटायला बसल्या की ते टेपरेकॉर्डर घेऊन स्वयंपाकघरात यायचे आणि नव्या गायकांची गाणी लावायचे. टेपवर चंपाबाई गायला लागली की त्यांचे डोळे मिटायचे. मग वहिनी लाटणं आणखी जोरात फिरवायच्या. कॉलेजात त्यांनीही गाण्याचं बक्षीस मिळवलं होतं. "तू म्हण गं एकदा" असं नवऱ्याने कधी म्हटलं नाही.

"वहिनी, माझा तुमच्यावर लय राग हाय," डोळे पुसत चंपाबाई म्हणाली.

"माझ्यावर? मी काय केलं?"

"सायेब सांगायचं, लाटताना बायकोचा हात थांबला, तरच गाणं बाजारात जानार. माझ्या पयल्या गान्याला थांबला, मग परत कधी न्हाय. एका कॅसेटवर संपलं माझं. काय खोट होती वो माझ्या गल्यात?"

त्या पहिल्या गाण्याला तव्यावरची पोळी करपली होती. वहिनींनी वर पाहिलं, तेव्हा नवऱ्याचे डोळे मिटलेले दिसले होते.

"काहीच खोट नव्हती," वहिनी म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं. पण साहेबांनी हिच्या गळ्यापेक्षा आपल्या हाताचं ऐकलं, हा आनंद काही लपेना.