निळ्या रेषेतली भिंत

आमचं दापोडीचं घर निळ्या रेषेत आहे, हे आम्हाला पूर ओसरल्यावर कळलं. तोवर ते नदीकाठी आहे एवढंच आम्ही समजत होतो. नदी फुगली की पाणी सर्रास जिथवर येतं, तिथवर नकाशावर निळी रेषा ओढलेली असते. रेषेच्या आत नवं बांधकाम करायचं नाही. जुनं घर दुरुस्त करता येतं, पण होतं तेवढंच आणि होतं तसंच. जोतं उचलायचं नाही, खोली वाढवायची नाही. म्हणजे ज्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं, तो उंबरा त्याच उंचीवर पुन्हा बसवायचा. हा नियम ज्यानं केला त्याला माझा साष्टांग नमस्कार सांगा, असं मी महापालिकेच्या जिन्यात मोठ्यानं म्हणाले, तेव्हा आमचा आर्किटेक्ट घाईघाईनं पुढच्या मजल्यावर निघून गेला.

आता वाटतं, नियम तसा मूर्ख नव्हता. त्याला म्हणायचं होतं की इथं राहू नका. पण लोकांची हयात जिथं गेली तिथं असं तोंडावर कसं सांगणार? म्हणून तो आडून आडून बोलत होता.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, असली आडवळणाची भाषा कळत नाही. ते लातूरकडच्या कोरड्या गावातून इथं कंपनीत लागले. त्यांच्या लहानपणी पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं भरायची वस्तू. नदीकाठी गुंठाभर जागा मिळाली तेव्हा त्यांनी कंपनीतल्या आपल्या अख्ख्या शॉपमध्ये पेढे वाटले होते. घर आईच्या आणि त्यांच्या नावावर केलं, ओव्हरटाइम करून वरती स्लॅब टाकला आणि निवृत्तीनंतर मागच्या दारात खुर्ची टाकून नदी बघत बसले. नदीचा वास यायचा, डास यायचे, पण त्यांना चालायचं.

पूर आला त्या सकाळी धरणातून पाणी सोडल्याचं सांगणारी रिक्षा गल्लीतून ओरडत गेली. गल्लीतले सगळे पुरुष पुलावर पाणी बघायला गेले. आमच्याकडे ही रीतच आहे. पाणी वाढलं की बायका घरातलं सामान माळ्यावर चढवतात आणि पुरुष पुलावर जाऊन त्याचा अंदाज घेतात. अण्णाही गेले. तेवढ्यात नदी मागच्या मोरीतून घरात आली. शेजारच्या पोरांनी आईला खिडकीचे गज वाकवून बाहेर काढलं. पुढं अण्णा हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगायचे. "मी तिकडं पुलावर पाणी शोधतोय, आन पाणी माझ्याच घरी पाव्हणं आलंय!" सगळे हसायचे. आई चहा गाळत असायची.

पुरानंतर दोघं माझ्याकडे रावेतला राहायला आली. नवव्या मजल्यावर अण्णांचा जीव रमेना. लिफ्टला ते 'पेटी' म्हणायचे आणि पेटीत शिरताना दर वेळी खाली वाकायचे. त्यांचं एकच होतं, मरायचं तर आपल्या घरात. दसऱ्याला आपल्या दारात तोरण लागलं पाहिजे. आई काहीच बोलायची नाही. मला वाटलं, तिला फार लागलंय. म्हणून मी परवानगीच्या मागे हात धुऊन लागले.

आर्किटेक्ट हुशार होता. तो म्हणाला, "तीन भिंती भिजून फुगल्यात, त्या पाडा. पण नदीकडची भिंत आणि वरचा स्लॅब राहू द्या. स्लॅबला खालून टेकू लावा. जुनी भिंत उभी असली तर काम दुरुस्तीत बसतं. तीही पाडली तर ते नवं बांधकाम, आणि नवं म्हटलं की फाईल बंद." नदीकाठच्या वस्त्यांत ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. एक भिंत राखून आतून अख्खं घर बदलतात.

पाडायच्या कामाला अण्णांनी इर्जिक घालायचं ठरवलं. गावाकडे एखाद्याची पेरणी मागे पडली की सगळे आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरतात. मजुरी कुणी घेत नाही. मालकानं फक्त पोटभर जेवू घालायचं. इथं औतं कुठली? पण पिंपळे गुरवला राहणारे गावाकडचे लोक आणि कंपनीतले जुने सोबती गुरुवारी, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या सुटीच्या दिवशी, घण आणि पहारी घेऊन हजर झाले. गुरुवार म्हणून मटणाऐवजी शेवभाजी ठरली. ती करायला आई पहाटेच माझ्या घरून दापोडीला गेली. अण्णांनी चहाच्या वेळी सगळ्यांना नदीकडच्या भिंतीजवळ नेऊन बजावलं, हिला हात लावायचा नाही. मग ते सही करायला आर्किटेक्टबरोबर महापालिकेत गेले. मी चाकणला कंपनीत होते, आमची सुटी रविवारी.

दुपारी अण्णांचा फोन आला. "अगं, पाडली." मी कंपनीतून तशीच निघाले.

मी पोचले तेव्हा घराच्या चारही बाजू उघड्या होत्या, आरपार नदी दिसत होती आणि स्लॅब नुसत्या टेकूंवर उभा होता. मंडळी हात धुऊन पंगतीला बसली होती, मान खाली घालून. त्यातले सगळ्यात वडील काका म्हणाले, "काय सांगू पोरी, पाडायच्या नादात ध्यानातच राहिलं न्हाई." माझं डोकं असं फिरलं होतं की काय बोलले असते कोण जाणे. पण अण्णांनी डोळ्यांनीच दाबलं. इर्जिकीला आलेल्या माणसाला बोल लावत नाहीत. त्यांनी स्वतः पातेलं उचललं आणि एकेकाला आग्रह करून वाढलं. मला त्यांची दयाही आली आणि रागही आला. नुसतं जेवणावर राबणारी माणसं फार महाग पडतात, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढच्या आठवड्यात महापालिकेचा अभियंता पाहणीला आला. घर दोघांच्या नावावर, म्हणून आईलाही बोलावलं होतं. तरुण होता, सभ्य होता. त्यानं टेप लावायचा प्रश्नच नव्हता, मोजायला काही उरलंच नव्हतं. त्यानं अण्णांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला. "काका, पुराचं पाणी मुरलेली भिंत नंतर आपोआप पडू शकते. तशा पडल्या आहेत इथं. तुम्ही दोघं तसं लिहून देत असाल, तर मी दुरुस्तीचा शेरा मारतो."

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. मी तर मनातल्या मनात त्या पोराची दृष्टच काढली. खोटं होतं, पण कुणाच्या पोटावर पाय न देणारं खोटं होतं. अण्णांनी सही करायला पेन घेतलं.

"पडली न्हाई," आई म्हणाली. "मीच म्हणलं पाडा."

अण्णांना वाटलं, ती त्या लोकांना सांभाळून घेतेय. "तू गप. साहेब, ती आपली..."

"ते नगं नगं म्हणत व्हते. वैनी, अण्णा रागं भरतील म्हणत व्हते. मी म्हणलं, जेवायचं असंल माझ्या हातचं तर पाडा." तिचा आवाज चढला नव्हता. "मला न्हाई यायचं इथं. त्या दिशी पाणी गळ्याला लागलं, तवा मी तुमाला हाका मारत व्हते. तुमी पुलावर व्हता."

तो किस्सा अण्णांनी किती वेळा सांगितला असेल. त्यात हाका कधीच नव्हत्या.

अण्णांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. ते म्हणाले, "आगं, मग आधी बोलायचंस की."

"इचारलं कुणी?"

हे तिनं अण्णांना विचारलं, पण त्याचा निम्मा वाटा माझा होता, हे मला तिथल्या तिथं कळलं. अभियंत्यानं कागद हळूच फाईलमध्ये घातला. अण्णा विटांच्या ढिगावर बसले. मला वाटलं, आता भडका उडणार, कारण आमच्याकडे तसाच उडतो. पण ते नदीकडे पाठ करून बसले होते आणि आईकडे बघत होते.

"बरं," ते म्हणाले. "मग कुठं राहायचं? तू सांग."

लग्नापासून आजवर अण्णा जागा दाखवत आले आणि आई तिथं चूल मांडत आली. कुठं राहायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुठं राहावंसं वाटतं, हे तिनं कधी स्वतःलाही विचारलेलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही सुचवणार होते, पण जीभ आवरली.

"जरा थांबा," ती म्हणाली. "इचार करून सांगते."

आणि आम्ही सगळे, तो साहेबसुद्धा, थांबलो.